हत्यारांची हजिरी आणि हत्यारांचा परवाना

बंदूक बाळगणारानें ती सरकारांत केव्हां नोंदवावी, किती मुदतींत नोंदवावी आणि न नोंदविल्यास त्याचें काय व्हावें, हा प्रश्न वरवर पाहणारास निव्वळ वकिलीचा वाटेल. इतिहासाच्या अभ्यासकांनीं त्याकडे फारसें लक्ष दिलेलें नाहीं, तें बहुधा ह्याच समजुतीनें. आमच्या मतें मात्र ह्या रुक्ष दिसणाऱ्या प्रश्नाच्या पोटांत गेल्या तीनशें वर्षांतील राजा व प्रजा ह्यांच्या संबंधाचा एक मोठा फेरफार दडलेला आहे. तो फेरफार थोडक्यांत असा कीं, मराठी राज्यांत सरकार हत्यारें मोजीत असे तें तीं जाग्यावर आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं. कंपनी सरकारनें तीं मोजावयास आरंभ केला तो तीं लोकांपाशीं राहूं नयेत ह्यासाठीं. पहिल्या मोजदादींत हत्यार कमी भरलें तर जाब द्यावा लागे. दुसरींत तें जास्त सांपडलें म्हणजे शिक्षा होई. यादी तीच, लेखणी तीच, किंबहुना कित्येक ठिकाणीं लिहिणारे कारकूनही त्याच घराण्यांतले. पण यादीचा अर्थ उलटा झाला.

प्रथम जुन्या पद्धतीकडे वळूं. कृष्णाजी अनंत सभासद ह्यानें इ. स. १६९७ च्या सुमारास जिंजी येथें लिहिलेल्या बखरींत शिवछत्रपतींच्या लष्कराची जी व्यवस्था दिली आहे ती सर्वश्रुत आहे. पागेचा बारगीर म्हणजे सरकारच्या घोड्यावर बसणारा, व शिलेदार म्हणजे स्वतःचें घोडें व स्वतःचें हत्यार घेऊन चाकरीस येणारा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवाल्यांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी. मुलूखगिरीस निघतेवेळीं प्रत्येकाजवळ काय चीजवस्त आहे तिचा झाडा घ्यावा आणि छावणीस परत येतांना पुन्हां झडती घेऊन त्या झाड्याशीं ताळा पहावा, असा नियम सभासदानें नोंदविला आहे. त्या नियमाचा मुख्य रोख लुटीचा माल सरकारांत जमा व्हावा ह्यावर होता, हें आम्ही विसरत नाहीं. तरीपण शिपायाच्या अंगावरील वस्तु कागदावर चढविण्याची रीत ह्या देशांत इंग्रजांनीं आणली, असें जें कित्येकांस वाटतें तें ह्यावरून खोटें ठरतें.

मोगलाईंत तर ही रीत त्याहून जुनी. अकबरानें मनसबदारांच्या स्वारांसाठीं घोड्यास डाग देण्याची व स्वाराची चेहरेपट्टी लिहून ठेवण्याची पद्धत बसविली. हेतु हा कीं, मनसबदारानें शंभर स्वारांचा पगार उचलून पन्नासच स्वार उभे करूं नयेत. पेशवाईंत शिलेदाराचें घोडें नांवनिशीवर घेतांना त्याचा रंग, खूण व किंमत लिहीत, कारण तें लढाईंत पडल्यास सरकारनें भरपाई द्यावयाची असे. सरंजामदारानें ठरलेली फौज हजिरीस न आणल्यास त्यास जाब देणें भाग पडे. किल्ल्यांवरील तोफा, जंबुरे, बाण, दारू व शिसें ह्यांच्या याद्या वेगळ्या. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गडकोटांच्या प्रकरणीं दारूगोळ्याच्या निगेविषयीं जी कळकळ दिसते तिचें मूळही हेंच. गडावरचा दारूखाना रिकामा असणें हाच राज्यास मोठा धोका.

येथें एक खुलासा अवश्य आहे. मराठी राज्यांत वाटेल त्यानें वाटेल तें हत्यार घेऊन वाटेल तेथें फिरावें अशी मोकळीक होती, असें आमचें म्हणणें नाहीं. किल्ल्याच्या दरवाजावर व बंडखोराच्या मुलखांत हत्यारें काढून घेण्याचे प्रसंग तेव्हांही येत. परंतु तो त्या त्या माणसाचा किंवा त्या त्या जागेचा बंदोबस्त असे. रयतेच्या घरांतील प्रत्येक बंदूक सरकारच्या कागदावर आली पाहिजे, न आल्यास ती बंदूकच गुन्ह्याची वस्तु होते, हा विचार त्या काळच्या कारभाऱ्यांच्या डोक्यांत आलेला दिसत नाहीं.

पेशवाई बुडाल्यावर शिबंदी सुटली, शिलेदार घरीं बसले. पण तलवारी व तोड्याच्या बंदुका भिंतीवर टांगलेल्याच राहिल्या. शेताची राखण, वाटेवरचें चोरांचें भय, शिकार, लग्नाची वरात आणि दसऱ्याचें शस्त्रपूजन ह्या पांच कारणांनीं हत्यार घरांत हवें असे. दक्षिण महाराष्ट्रांत ह्याच्या जोडीला आणखी एक कारण होतें. तेथील शेतसनदी, बेरड, रामोशी ह्यांच्याकडे गांवची व गडाची राखण परंपरेनें चालत आलेली; जमिनीचा तुकडा त्या चाकरीबद्दल तुटलेला. अशा माणसाचें हत्यार हा त्याच्या वतनाचा पुरावाच. सनद गहाळ झाली तरी हत्यार दाखवून आपण कोण हें त्यास सांगतां येई. पुढें जें घडलें तें समजण्यास ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे.

१८५७ च्या मे महिन्यांत उत्तरेकडे उठाव झाला. त्याच वर्षीं ३१ जुलै रोजीं कोल्हापुरास २७ व्या पलटणीनें बंड केलें. सप्टेंबर महिन्यांत गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळानें त्या सालचा २८ वा कायदा केला. हत्यारें व दारूगोळा ह्यांची आयात, घडण व विक्री आणि तीं बाळगण्याचा व वापरण्याचा हक्क ह्यांचें नियमन करणें हा त्याचा विषय. शस्त्र बाळगण्याचा हक्क सरकारी परवान्यावर अवलंबून ठेवणारा देशव्यापी कायदा तो हाच पहिला. त्यांतील कल्पना अशी कीं, ज्या मुलखास सरकार हा नियम लावील तेथें हत्यारवाल्यानें आपलें हत्यार अंमलदारापुढें आणावें, नोंद करवून परवाना घ्यावा. परवाना न मिळाल्यास हत्यार सरकारांत ठेवावें. कागदावर पाहिलें तर ह्यांत हत्यारबंदी नाहीं, केवळ नोंदणी आहे. कायदा करणारांनीं तो तसा मांडलाही असेल. लोकांनीं त्यास पहिल्या दिवसापासून हत्यारबंदीच म्हटलें, आणि आमच्या मतें लोकांचेंच नांव खरें ठरलें.

ह्या नांवाचा उगम पाहावयाचा तर हलगलीस गेलें पाहिजे. हलगली हें घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानांतील खेडें. आज तें कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यांत मोडतें. वस्ती बेरडांची, कानडींत ज्यांस बेडर म्हणतात त्यांची. १८५७ च्या नोव्हेंबरांत मुधोळ संस्थानांत हत्यारें दाखल करून परवाने घेण्याचा हुकूम फिरला. येथें एक कायद्याची मेख आहे, तिच्याकडे पूर्वीच्या लेखकांचें लक्ष गेलेलें आम्हांस आढळलें नाहीं. कायदेमंडळाचा कायदा संस्थानी हद्दींत आपोआप लागू होत नसे. तेथें तो जाई तो पोलिटिकल एजंटाच्या शब्दावर आणि संस्थानच्या कारभाऱ्याच्या हातून. तेव्हां हलगलीच्या बेरडापुढें जो हुकूम आला तो कंपनीच्या छापील कायद्याच्या रूपानें नव्हे, तर ज्या दरबारची राखण तो पिढ्यानपिढ्या करीत आला त्याच दरबारच्या माणसाच्या तोंडून आला. ज्या धन्यानें काल हजिरी घेऊन ‘हत्यार कुठें आहे?’ असें विचारावें, तोच आज ‘हत्यार इकडे आण’ म्हणूं लागला.

बेरडांनीं हत्यारें दाखल करण्याचें नाकारलें. त्यांची समजूत अशी कीं, आज हत्यार लिहून घेतील व उद्यां तें घेऊन जातील. आसपासच्या खेड्यांतील माणसें हलगलीस जमूं लागलीं. २९ नोव्हेंबर रोजीं कर्नल माल्कम दक्षिण मराठा घोडदळासह तेथें पोहोंचला. गांवास वेढा पडला, घरांना आगी लागल्या आणि दुसऱ्या दिवशीं प्रतिकार मोडून पडला. नंतर पकडलेल्यांपैकी एकोणीस जणांस फांशी झाली. ११ डिसेंबरास मुधोळ येथें तेरांस व १४ डिसेंबरास खुद्द हलगलींत सहांस. सावकाश पुऱ्या व्हावयाच्या एका नोंदणीचा नव्हे, तर अवघ्या कांहीं दिवसांच्या हुकमाचा हा निकाल होय. हलगलीची हकीकत सांगणारी एक कानडी लावणी प्रसिद्ध असून जडग्या व बाळ्या हीं तींतील नांवें त्या प्रांतांत अद्याप लोकांच्या तोंडीं आहेत. कानडी लावण्या जमवून इंडियन अँटिक्वेरींतून छापणारे फ्लीट साहेब हे स्वतः मुंबई सरकारचे अंमलदार होते, हा योग चमत्कारिक खरा. त्यांच्यासारख्याच्या हौसेमुळें पराभूतांची बाजू कांहीं अंशीं तरी छापून राहिली.

हलगलीकरांची समजूत अडाणीपणाची होती असा अभिप्राय सरकारी लेखांत सहज उमटतो. हा अभिप्राय आम्हांस मान्य नाहीं. नोंदवही ही जप्तीची पहिली पायरी आहे हें त्यांनीं ओळखलें, आणि पुढच्या वर्षभरांत जें झालें त्यावरून त्यांची अटकळ चुकली असें कोणास म्हणतां येईल? अयोध्या प्रांतांत १८५८-५९ च्या हत्यारबंदींत एकट्या तलवारीच पांच लाखांहून अधिक जमा झाल्या आणि दीड हजारांवर गढ्या पाडण्यांत आल्या. हे आंकडे नोंदणीचे नव्हेत, उपटून काढल्याचे आहेत.

दक्षिण महाराष्ट्रांतही हलगलीवर गोष्ट थांबली नाहीं. १८५८ च्या मे अखेरीस मुंडरगीच्या भीमरावानें उठाव केला त्यास निमित्त झालें तें हम्मिगी येथें सांठवून ठेवलेल्या हत्यारांचा सरकारास सुगावा लागला हें. त्यानें डंबळचा खजिना लुटला, कोप्पळचा किल्ला घेतला आणि १ जून रोजीं त्याच किल्ल्यांत तो पडला. नरगुंदकर बाबासाहेब भावे ह्यांचें प्रकरण ह्याच आठवड्यांतलें. दत्तकाची परवानगी नाकारल्याचें शल्य त्यांच्या मनांत होतेंच. त्यांत हत्यारांविषयीं झालेल्या तगाद्याची भर पडली. २९ मेच्या रात्रीं सुरेबान येथें पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला. जून उजाडतांच नरगुंद पडलें. १२ जून रोजीं बाबासाहेबांस बेळगांवीं फांशी दिलें. हे संस्थानिक मोठे ग्रंथसंग्राहक म्हणून प्रसिद्ध होते. ज्याच्या वाड्यांत पोथ्यांचे रुमाल नीट बांधून ठेविलेले असत त्याच्या हातून हें कर्म कां घडावें, ह्याचें एकच कारण देणें धाडसाचें होईल, आणि सर्व दोष हत्यारबंदीच्या माथीं मारणें तर साफ चुकीचें. पण दत्तक नामंजूर होणें म्हणजे घराण्याचें पुढें बंद होणें, व हत्यारें मागितलीं जाणें म्हणजे घराण्याचें मागें पुसलें जाणें, असें त्यांस वाटलें असल्यास नवल नाहीं.

१८५७ च्या कायद्याची जागा १८६० सालच्या ३१ व्या कायद्यानें घेतली. त्याच्या नांवांतच विशिष्ट प्रसंगीं हत्यारें काढून घेण्याच्या अधिकाराचा उच्चार आहे, त्यामुळें आतां आडपडदा उरला नाहीं. ह्या कायद्याविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. खरें महत्त्व आहे तें लॉर्ड लिटन ह्यांच्या कारकीर्दींतील १८७८ च्या ११ व्या कायद्यास. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा १४ मार्च १८७८ रोजीं झाला व हत्यारांचा कायदा दुसऱ्याच दिवशीं, १५ मार्चास. लेखणी आणि तलवार ह्यांचा बंदोबस्त एका रात्रीच्या अंतरानें झाला. लेखणीवरचा कायदा रिपन साहेबांनीं १८८२ त रद्द केला. तलवारीवरचा मात्र चौऱ्याऐंशी वर्षें टिकला, एवढेंच नव्हे तर स्वराज्यांतील कायद्याच्या पोटींही तो बराचसा शिल्लक राहिला.

ह्या कायद्यांत ‘हत्यार’ म्हणजे काय हें सांगतांना बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांचीं पातीं, धनुष्यबाण आणि तोफा हीं सर्व एका माळेंत ओंवलीं आहेत. पण बाळगण्याचा नियम सर्वांस सारखा नाहीं, आणि येथेंच पुष्कळांची चूक झाली. चौदाव्या कलमाप्रमाणें परवान्याशिवाय घरीं ठेवण्यास बंदी होती ती तोफा, बंदुका व दारूगोळा ह्यांस. तलवार, कट्यार किंवा भाला घरीं ठेवण्यास परवाना लागे तो पंधराव्या कलमाप्रमाणें जाहीर केलेल्या किंवा पूर्वी नि:शस्त्र केलेल्या मुलखांतच. हत्यार लावून बाहेर हिंडणें ही गोष्ट निराळी. तीस तेराव्या कलमानें सर्वत्र परवाना हवा. आमच्या वाडवडिलांपैकी किती जणांस हा भेद कोणी समजावून सांगितला असेल? जुन्या घराण्यांत फिरतांना ‘तलवारी होत्या, पण हत्यारबंदींत आडांत टाकल्या’ हें वाक्य आम्हीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं त्याची मोजदाद ठेवणें सोडून दिलें. त्यांतील कांहीं तलवारी तरी कायद्याचा हात नसतां केवळ धाकानें बुडाल्या असाव्या, असा आमचा तर्क आहे.

आतां मूळ प्रश्नाचें, म्हणजे नोंद केव्हां करावयाची ह्याचें, १८७८ च्या कायद्यानें दिलेलें उत्तर पाहूं. तें तीन ठिकाणीं विखुरलेलें आहे. सामान्य नियम हा कीं बंदूक हातीं येण्याआधीं परवाना असला पाहिजे. म्हणजे बंदुकीची नोंद बंदुकीच्या आधीं. दुसरें उत्तर सोळाव्या कलमांत. परवान्याची मुदत संपली, तो रद्द झाला, किंवा नव्या जाहीरनाम्यानें कालपर्यंत कायदेशीर असलेलें हत्यार आज बेकायदेशीर ठरलें, तर तें विनाकारण उशीर न लावतां जवळच्या पोलीस ठाण्यांत जमा केलें पाहिजे. येथें दिवसांची संख्या नाहीं. ‘विनाकारण उशीर’ म्हणजे किती, हें ठाण्याचा फौजदार ठरविणार. आणि खेड्यापासून ठाणें दोन मुक्कामांवर असलें तर रस्त्यांत तें हत्यार घेऊन जाणें हाही तेराव्या कलमाचा गुन्हा समजला जाईल कीं काय ही धास्ती मनांत असणारच. अशा माणसास आड जवळ वाटला तर आश्चर्य कसलें?

तिसरें उत्तर बत्तिसाव्या कलमांत असून इतिहासाच्या दृष्टीनें आम्हांस तें सर्वांत महत्त्वाचें वाटतें. प्रांतिक सरकारनें गॅझेटांत जाहीर करून कोणत्याही मुलखांतील सर्व बंदुकांची खानेसुमारी करण्यास अंमलदार नेमावा. जाहीरनामा निघतांच तेथील प्रत्येक बंदूकवाल्यानें त्यास हवी ती माहिती द्यावी व मागितल्यास बंदूक समोर आणून दाखवावी. न दाखविल्यास कैद किंवा दंड. माणसांची देशव्यापी शिरगणती सुरू होऊन पुरतीं दहा वर्षें झालीं नव्हतीं तोंच बंदुकांच्या शिरगणतीचें कलम कायद्यांत आलें. हजिरीची जुनी पद्धत येथें नव्या वेषांत परत आली असें कोणी म्हणेल. वेष मात्र नव्हे, तिचें पोटच निराळें. पेशव्यांच्या हजिरींत बंदूक दाखविणाऱ्यास पगार मिळे. ह्या खानेसुमारींत बंदूक दाखविणाऱ्यास मिळे ती फक्त त्या दिवसापुरती सुटका.

लोकांस खरी सल लागली ती नियमांतील माफीची. मूळ नियमांत युरोपियन, अमेरिकन, आर्मेनियन व मिश्र वंशाचे लोक ह्यांस कायद्याच्या बहुतेक कलमांतून मोकळें ठेविलें होतें. म्हणजे त्याच गांवांत, त्याच रानांत शिकार करणाऱ्या दोन माणसांपैकीं एकास परवाना लागे व दुसऱ्यास त्याचा वर्ण पुरे होई. राष्ट्रीय सभेनें १८८७ च्या मद्रास येथील तिसऱ्या बैठकींत ह्या कायद्याविरुद्ध ठराव केला, आणि पुढें अनेक वर्षें तो विषय सभेच्या यादींत राहिला. वंशावर उभारलेली ही माफी पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमांत काढून टाकण्यांत आली. १९२४ चे नियम हे त्या घडामोडीचें शेवटचें मोठें टिपण. एक माफी मात्र अद्याप चालू आहे. कूर्गांतील कोडव व तेथील जम्मा जमिनीचे धारक ह्यांस १८६१ सालीं मार्क कब्बन ह्यांच्या कारकीर्दींत जी मोकळीक मिळाली ती १८७८ च्या व नंतरच्याही कायद्यांत टिकली. २०१९ सालीं केंद्र सरकारनें ती आणखी दहा वर्षांकरितां चालू केली. पण तेथेंही माफीचा दाखला सरकारांतून घ्यावा लागतो. परवाना सुटला, नोंद सुटली नाहीं. हलगलीच्या बेरडास १८५७ त कूर्गच्या कोडवासारखी वागणूक मिळती तर ते एकोणीस जण कदाचित् आपल्या अंथरुणांत मेले असते. दोघांचेंही नातें हत्याराशीं सारखेंच होतें, एकाचें सरकारास पटलें इतकेंच.

कायद्यानें बंडें थांबलीं काय? १८७८ च्या मार्चांत कायदा झाला आणि २३ फेब्रुवारी १८७९ रोजीं वासुदेव बळवंत फडके ह्यांनीं रामोशांच्या साथीनें शिरूरनजीकच्या धामारीवर पहिला छापा घातला. परवाना मागण्यास ते कोणाकडे गेले नव्हते हें सांगावयास नको. २० जुलै १८७९ रोजीं ते पकडले गेले ते देवरनावडगी येथें, म्हणजे ज्या विजापूर-बागलकोटच्या टापूंत बावीस वर्षांपूर्वी हलगली जळाली त्याच टापूंत. नोंदवही ज्याची नोंद आहे त्यासच बांधते. ही अडचण तेव्हां होती आणि पुढेंही राहिली.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा ५४ वा कायदा झाला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. जुन्या कायद्यांतील बंदूक व तलवार ह्यांमधला भेद ह्यांत अधिक स्पष्ट झाला: बंदुकीस सर्वत्र परवाना, इतर हत्यारांस सरकारनें जाहीर केलेल्या मुलखांत. खानेसुमारीचें कलम मात्र बेचाळिसाव्या क्रमांकावर जसेंच्या तसें बसलें आहे. सोळाव्या कलमाची जागा एकविसाव्यानें घेतली. परवानाधारक वारला तर वारसानें बंदूक ठाण्यांत किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे ठेवावी आणि मग स्वतःच्या नांवें परवान्याचा अर्ज करावा ही वाट तींत आहे. ‘विनाकारण उशीर’ ह्याबरोबर आतां दिवसांचे आंकडेही दिसूं लागले. १९८३ च्या दुरुस्तीनें एका माणसास तीनच बंदुका ठेवण्याची मर्यादा घातली व जास्तीच्या नव्वद दिवसांत जमा करण्यास सांगितलें. २०१९ च्या दुरुस्तीनें ती मर्यादा दोनांवर आणली व एक वर्षाची मुदत दिली. २०१६ च्या नियमांनीं तर सर्व देशांतील परवाने एका संगणकीय यादींत घालून प्रत्येकास स्वतंत्र क्रमांक ठरविला. क्रमांक न घेतलेला परवाना अमुक तारखेनंतर रद्द समजला जाईल असें सांगून ती तारीख सरकारास पुन्हां पुन्हां पुढें ढकलावी लागली. २९ जून २०२० ही त्या तारखांपैकी एक. मुदत चुकणाऱ्यांत दरोडेखोर थोडे आणि खेड्यांतील म्हातारे शेतकरी फार असावे, असें आम्हांस वाटतें.

ह्या मंडळाच्या वाचकांशीं ज्याचा निकट संबंध ती एक गोष्ट राहिली. एका जुन्या वाड्यांत कागद पाहावयास गेलों असतां घरच्या वृद्ध गृहस्थांनीं माळ्यावरून एक तोड्याची बंदूक खालीं आणविली आणि दबल्या आवाजांत विचारलें, ‘हिचें काय करावें? मुलें म्हणतात, नदींत सोडा.’ दस्त्यावर पितळी खिळ्यांची नक्षी होती, नळीवर झिजलेली अक्षरें होतीं. आम्हीं त्यांस जें सांगितलें तेंच येथें लिहितों. १९५९ च्या कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमानें जुन्या घडणीचें, पुराणवस्तु म्हणून मोलाचें किंवा मोडकें शस्त्र कायद्याबाहेर ठेविलें आहे. पण अट ही कीं दुरुस्ती करून किंवा न करतां तें बंदूक म्हणून चालतां कामा नये. केवळ दोनशें वर्षांचें वय पुरेसें नाहीं. म्हणून मालकानें आपल्या समजुतीवर विसंबूं नये. अर्ज देऊन तज्ज्ञाकडून पाहणी करवावी व निकाल लेखी घ्यावा. तोंवर तिला नदीही दाखवूं नये व दिवाणखान्याची भिंतही दाखवूं नये. ते गृहस्थ हंसले व म्हणाले, ‘म्हणजे पुन्हां सरकारांतच नेऊन दाखवायची म्हणा कीं!’ ह्यावर आम्हांजवळ उत्तर नव्हतें.

बंदूक बुडाली तरी तिचा कागद कित्येक दप्तरांत असण्याचा संभव आहे, आणि इतिहासास आज तो कागद हवा आहे. १८५७ ते १८६० च्या दरम्यान संस्थानांत व जहागिरींत हत्यारें जमा करून घेतांना दिलेल्या पावत्या, गांववार याद्या, परवान्यांचे जुने छापील नमुने, माफीचे दाखले, हत्यार परत मिळावें म्हणून केलेले अर्ज, असे कागद रद्दी समजून टाकले जातात. कारण त्यांवर ना मोहोर सुंदर असते ना कोणा थोर पुरुषाची सही. परंतु कोणत्या गांवीं किती घरांत कोणतें हत्यार होतें, तें कोण्या जातीच्या व कोण्या पेशाच्या माणसापाशीं होतें आणि त्याची किंमत काय धरली, हें सांगणारें दुसरें साधन आम्हांस ठाऊक नाहीं. दक्षिण महाराष्ट्रांतील, विशेषतः मुधोळ, रामदुर्ग, जमखंडी व नरगुंद ह्या टापूंतील ज्या कोणाच्या दप्तरांत अशी एखादी यादी असेल त्यांनीं तिची नक्कल मंडळाकडे पाठवावी. मूळ कागद त्यांच्याजवळच राहील. यादींत ‘परत दिलें’ किंवा ‘जमा’ असा शेरा हत्यारापुढें मारलेला असल्यास तो नक्कल करतांना गाळूं नये.